विश्लेषण : कर्मचारी गेला की कंपनीचे ज्ञानही जाते का? झेरॉक्सच्या तंत्रज्ञांची गोष्ट काय सांगते?

जुन्या फायली, ईमेल, तक्रारींच्या नोंदी असे सगळे एआय चॅटबॉटच्या हवाली करण्याची सध्या अनेक कंपन्यांत लगबग आहे. माणूस निवृत्त झाला किंवा नोकरी सोडून गेला तरी त्याला जे ठाऊक होते ते कंपनीतच राहावे, हा हेतू. पण जे कधी कागदावर उतरलेच नाही, त्याचे काय करायचे? चार दशकांपूर्वी हाच प्रश्न अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीपुढे आला होता. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, पाटी ‘झेरॉक्स’चीच असते, ती ही कंपनी.

झेरॉक्सला काय आढळले?

माऊस आणि खिडक्यांचा संगणक, लेझर प्रिंटर यांसाठी तेव्हा झेरॉक्सची असलेली ‘पार्क’ ही कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळा ओळखली जाते. तेथे ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञही होते. १९८०च्या दशकात ते कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर ग्राहकांकडे फिरले. कंपनीची समजूत साधी होती. यंत्र बिघडले की पडद्यावर एरर कोड येतो, तंत्रज्ञाने मॅन्युअल उघडायचे, सांगितलेल्या पायऱ्या करायच्या.

प्रत्यक्षात तसे होत नव्हते. मॅन्युअल लिहिणाऱ्याला प्रत्येक यंत्राचे वय, तेथील हवा, ते वापरणाऱ्यांच्या सवयी कशा माहीत असणार? कधी कोडच दिशाभूल करायचा. ऑर यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात तंत्रज्ञ आणि त्याच्या मदतीला आलेला अनुभवी सहकारी असेच अडकले. मग दोघे तासन्‌तास यंत्रापुढे एकमेकांना जुन्या बिघाडांचे किस्से सांगत राहिले, मध्ये चाचण्या घेत राहिले आणि त्या किस्स्यांतूनच खरा दोष हाती लागला. अशी देवाणघेवाण रोज चालायची; सकाळच्या नाश्त्याला, जेवताना, सुटे भाग घ्यायला गेल्यावर. व्यवस्थापनाच्या वेळापत्रकात ती बसली असती ती ‘टाइमपास’ या एकाच रकान्यात. ऑर यांचे म्हणणे होते, की या गप्पा हाच कामाचा भाग आहे. १९९६ मध्ये त्यांचे ‘टॉकिंग अबाउट मशिन्स’ हे पुस्तक आले.

‘युरेका’ काय होते?

हे पटल्यावर झेरॉक्सने डेन्व्हरमधील तंत्रज्ञांना वॉकीटॉकीसारखे रेडिओ दिले, म्हणजे दूर असूनही बोलणे चालू राहील. पुढे १९९०च्या दशकात ‘युरेका’ ही प्रणाली आली. सुरुवात झाली फ्रान्समध्ये, तेथील मिनिटेल या टेलिफोनवर चालणाऱ्या जाळ्यावरून. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहून पाठवायची, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि मग ती सर्वांसाठी खुली व्हायची. ब्राझीलमधला एक तंत्रज्ञ हजारो डॉलरचे रंगीत यंत्र बदलण्याच्या बेतात होता. मॉन्ट्रियलमधल्या कुणीतरी टाकलेली युक्ती त्याने पाहिली. दोष होता तो काही सेंट किमतीच्या फ्यूज होल्डरमध्ये!

पण खरी गंमत पुढे आहे. युक्तीमागे पैसे द्यावेत, असा विचार झाला तेव्हा तंत्रज्ञच नको म्हणाले. पैसे दिले तर लोक चांगल्या युक्त्यांऐवजी युक्त्यांची संख्या मोजतील, ही त्यांची भीती. त्याऐवजी प्रत्येक युक्तीखाली ती देणाऱ्याचे नाव राहू लागले.

‘लिहून ठेवा’ एवढ्याने का भागत नाही?

पाककृतीत लिहिलेले असते, ‘कणीक सैलसर भिजवावी’. सैलसर म्हणजे किती, ते आईच्या हाताशेजारी हात घालूनच कळते. जपानच्या मात्सुशिता म्हणजे आजच्या पॅनासॉनिक कंपनीला १९८५च्या सुमारास अगदी हीच अडचण आली. घरगुती पाव-यंत्रात पीठ नीट मळले जाईना. पावाची कड करपायची, आतला भाग कच्चा राहायचा. मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढूनही उलगडा होईना. तेव्हा इकुको तनाका या सॉफ्टवेअर विकसित करणाऱ्या कर्मचारी महिला ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पावभट्टीवाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिल्या. तो पीठ नुसते मळत नाही, पिळत पिळत ताणतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग अभियंत्यांबरोबर खटपट करून यंत्राच्या भांड्यात आतून खास कंगोरे दिले गेले आणि पाव जमला. इकुजिरो नोनाका यांनी हे उदाहरण व्यवस्थापनशास्त्रात प्रसिद्ध केले. त्या भट्टीवाल्याला कुणी ‘तुझे ज्ञान या फॉर्ममध्ये भर’ म्हटले असते तर त्याने काय भरले असते?

आपल्याकडे काय चालते?

इंजिनीअरिंगला ‘केटी’ म्हणजे राहिलेला विषय. आयटी कंपनीत ‘केटी’ म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. दोन्ही शेवटच्या आठवड्यात उरकतात. राजीनामा दिलेल्या माणसाला नोटीस पीरियडमध्ये एक एक्सेल शीट दिली जाते. जाणारा मनाने गेलेला असतो, येणारा अजून रुजू झालेला नसतो. शेवटच्या वर्षी एका कारखान्यात इंटर्नशिप करताना मी एक ऑपरेटर काका पाहिले. यंत्राच्या आवरणावर तळहात ठेवून ते बेअरिंग जाणार की नाही सांगत. निवृत्तीआधी त्यांच्याकडून लिहून घ्यायचे काम माझ्याकडे आले. ‘कंपन जास्त वाटल्यास बदलावे’, एवढेच मी लिहू शकलो. सोबत एखादा तरुण सहा महिने द्यायला हवा होता, पण ‘एका कामाला दोन माणसे’ बजेटमध्ये बसत नव्हती.

एआयमुळे हे बदलेल का?

थोडे बदलेल. लिहिलेले शोधणे नक्कीच सोपे होईल आणि ते काही कमी नाही. पण चॅटबॉटला खाद्य मिळते ते लिहिलेल्यातूनच. शिवाय कर्मचाऱ्यांच्या मनात एक सरळ शंका आहे, जी बैठकीत कुणी उघड बोलत नाही : माझ्याकडचे सगळे यंत्राला शिकवले, तर माझी गरज उरेल का? कर्मचारीकपातीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाने हातचे राखून ठेवले तर त्याला आडमुठा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्ञान मागणाऱ्या कंपनीने बदल्यात काय देणार, हे आधी सांगायला हवे. ‘युरेका’त किमान युक्तीखाली नाव होते आणि ती तपासणारा त्याच कामातला होता. आज कंपनीच्या चॅटबॉटचे उत्तर येते तेव्हा त्याखाली बहुधा फाइलचा क्रमांक असतो. ते उत्तर मुळात कुणाला सुचले आणि अडले तर फोन कुणाला करायचा, हे त्यात नसते.