मैनेचा आवाज

संगीत नाटकात पेटीचा सूर लागला की बहुतेक वेळा सुभद्रा निघून जाते आणि तिच्या जागी गायिका उभी राहते. पद संपलं, टाळ्या थांबल्या, की सुभद्रा परत येते. हे आपण इतकं चालवून घेतलंय की त्यात काही वावगं आहे असंही वाटत नाही.

कीर्ती शिलेदार (१९५२-२०२२) यांची थोरवी सांगताना लोक आधी त्यांचा मोकळा, तिन्ही सप्तकांत फिरणारा आवाज सांगतात. ते खरंच आहे. जयराम आणि जयमाला शिलेदारांच्या घरात, ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेच्या बिऱ्हाडातच त्या वाढल्या. ‘सौभद्रा’तला नारद त्यांनी बालपणीच केला. बालगंधर्वांची गायकी त्यांना आईकडून मिळाली. या गायकीत पद नाटकाला झेपेल त्याहून लांबतं, वन्समोअरच्या नादात कथानक ताटकळतं, ही तक्रार जुनीच आहे. कीर्तीताईंच्या गाण्यालाही ती लागू पडते, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही.

म्हणूनच मला त्यांची सर्वांत मोठी भूमिका वाटते ती ‘स्वरसम्राज्ञी’तली मैना. विद्याधर गोखल्यांचं हे नाटक १९७२ चं, संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचं. मूळ कल्पना बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची. त्याच कल्पनेवर पु. लं.नी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ दिली आणि भक्ती बर्वे यांनी ती गाजवली. तिथं मंजुळेची बोली बदलते; इथं तमाशातल्या मैनेचं गाणं बदलतं. त्यामुळे गाण्यासाठी कथा थांबत नाही, गाणं हीच कथा होते. मैना कुठवर पोचली, हे तिच्या गळ्यावरूनच कळायला हवं.

आता यातली अवघड जागा पाहा. लहानपणापासून सुरात घोळलेल्या गळ्याला आधी न शिकलेल्या पोरीसारखं गायचं आहे, आणि तेही बेसूर न होता, कारण मैनेच्या अंगात सूर मुळातच आहे. मग प्रेक्षकांच्या देखत पायरी पायरीनं शिकायचं. येत नसलेलं येतंय असं भासवणं नटाला जमतं. येत असलेलं विसरणं फार थोड्यांना जमतं. विशीतल्या कीर्तीताईंनी हे आव्हान पेललं आणि मैना त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

आपल्या सीमाभागातल्या घरांना ही मैना परकी वाटू नये. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांना कर्नाटकी चालींचा आधार होता. तेव्हा कानडी चालीत मराठी शब्द बसवणं आपल्याकडे नवं नाही. आजही आपली मुलं आजीशी एका आवाजात बोलतात आणि बाजारात दुसऱ्या. सुरतेत उधना-लिंबायतच्या मराठी घरांतही हेच, फक्त तिथं कन्नडच्या जागी गुजराती. भाषा बदलली की नुसते शब्द बदलत नाहीत. सूर, हेल, मानेचा झोकसुद्धा बदलतो. मैना हेच गाऊन दाखवते.

आणि ती एक प्रश्नही मागे ठेवते. शिकवणारा जिंकतो, पोरगी मोठी गायिका होते; पण ज्या गळ्यानं ती आधी गात होती, त्याचं काय? मुलांचे उच्चार सुधारताना आपण हा प्रश्न स्वतःला क्वचितच विचारतो. शाळेतली कन्नड शुद्ध हवी, घरची मराठी शुद्ध हवी, मान्य. पण दोन्ही मिसळून ते पोर आपसूक जे बोलतं, ते खोडून टाकायची घाई नको. मैनेच्या सुरेल गाण्याचं मूळ तिच्या त्या पहिल्या, बिनशिकल्या गळ्यातच होतं.