कराचीचा विजय कुणाच्या नावावर?

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. वर्तमानपत्रांत जहाजांची छायाचित्रे येतात, भाषणे होतात आणि १९७१ च्या कराची हल्ल्याची कथा पुन्हा सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे, कारण तो पराक्रम अस्सल होता. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि दुसऱ्याच रात्री आपल्या नौदलाने थेट कराची गाठली. निपात, निर्घात आणि वीर या रशियन बनावटीच्या छोट्या क्षेपणास्त्र नौका खरे तर किनाऱ्याच्या राखणीसाठी बनविलेल्या. पण किल्टन आणि कच्छल या जहाजांच्या सोबतीने त्या शत्रूच्या दारात गेल्या. पाकिस्तानी हवाई दलाला रात्रीचा मारा नीट जमत नव्हता, म्हणून वेळ रात्रीची निवडली. खैबर ही विनाशिका बुडाली, सुरुंग काढणारी मुहाफिज बुडाली, दारूगोळा आणणारे व्हीनस चॅलेंजर जहाजही बुडाले. आपली एकही नौका गमावली नाही. कमांडर बब्रुभान यादव यांना महावीर चक्र मिळाले.

या कथेत इंदिराजी असतात, अ‍ॅडमिरल नंदा असतात, जनरल माणेकशा तर असतातच. आमचा सवाल एवढाच आहे की, त्या वेळी देशाचा संरक्षणमंत्री कोण होता? शाळेतल्या पोरांना विचारा, मास्तरांना विचारा, नौदल दिनाच्या व्यासपीठावर हार घालून बसलेल्या पुढाऱ्यांना विचारा. बाबू जगजीवन राम हे नाव किती जणांच्या तोंडी येते ते पाहा. इंदिराजींना दुर्गा म्हटले गेले. बिहारमधल्या चांभाराच्या घरात जन्मलेल्या संरक्षणमंत्र्याला मात्र या विजयाच्या फोटोत कोपराही मिळाला नाही.

चळवळीतले काही बांधव म्हणतील, काँग्रेसने ज्यांना बाबासाहेबांच्या विरोधात पुढे केले त्यांचे गोडवे आम्ही का गावेत? हा राग आम्हाला समजतो. त्यांच्या राजकारणाशी आमचे भांडण होते आणि ते विसरण्याचे कारण नाही. पण ज्यांनी त्यांना इतिहासातून वगळले, त्यांनी ते आमच्या भांडणासाठी वगळले काय? जानेवारी १९७८ ची वाराणसीची घटना आठवा. जगजीवन राम तेव्हा दुसऱ्यांदा देशाचे संरक्षणमंत्री होते. त्यांच्या हस्ते डॉ. संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि नंतर सवर्ण विद्यार्थ्यांनी तो पुतळा गंगाजलाने धुऊन शुद्ध केला! ज्याच्या हुकुमाखाली तिन्ही दले होती, त्याच्या स्पर्शाने दगड बाटला.

महाडच्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. महाड ते वाराणसी, पन्नास वर्षांत फक्त घागरीतला माल बदलला. आणि महाडचा हा मुलूख सैनिकांचा. फौजी आंबवडे नावाचे गाव याच तालुक्यात आहे. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथल्याच रावढळचे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे दाद मागितली, आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तर सवर्ण सभासदांना त्यांच्या शेजारी बसणे जड गेले. देशासाठी, सरकारसाठी रक्त सांडलेले चालते, शेजारी बसलेले चालत नाही.

अमेरिकेतही हेच होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरच्या नौदल तळावर अचानक हल्ला केला, त्या दिवशी वेस्ट व्हर्जिनिया जहाजावर डोरिस मिलर नावाचा काळा खलाशी होता. काम काय, तर भोजनगृहात वाढप्याचे. काळ्यांना नौदलात दुसरे काम जवळजवळ नव्हतेच. तोफ चालवायचे शिक्षण त्याला दिलेले नव्हते, तरी त्याने विमानविरोधी तोफ हाती घेतली. १९४२ मध्ये त्याला नेव्ही क्रॉस द्यावा लागला. पुढच्याच वर्षी तो युद्धात मेला. २०२० मध्ये अमेरिकन नौदलाने एका विमानवाहू जहाजाला त्याचे नाव देण्याचे जाहीर केले. हे आपोआप झाले नाही. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी आणि संघटनांनी त्याचे नाव लावून धरले होते.

आपल्याकडे २०२३ चा नौदल दिन मालवणला झाला, राजकोट किल्ल्यावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो पुतळा कोसळला. सोहळ्याची घाई असली की असेच होते. आठवण जपण्याचे काम सोहळ्याने होत नाही, त्याला नोंद लागते.

म्हणून महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या आपल्या शाखांना आमची सूचना आहे. नौदल दिनानंतर दोनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, गावागावांतून माणसे चैत्यभूमीला निघतात. त्याआधी विहारात एक वही ठेवा. आपल्या वस्तीतून पायदळात, नौदलात, गोदीत कोण गेले, कोणत्या साली, कोणत्या हुद्द्यावर, १९७१ मध्ये ते कुठे होते, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. त्या वर्षी विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे गेला आहे. जे गेले त्यांच्या पेन्शनची कागदपत्रे घरातल्या पेटीत असतील, ती पावसाळ्यात भिजण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवा.