अदृश्य दोषाची किंमत कोणी मोजायची?

रुग्णाच्या शिरेत ठरावीक वेगाने औषध सोडणारा पंप, कारखान्यातील झडपांचे नियंत्रक आणि मंगळावर उतरलेले यान यांत एक साम्य आहे. त्यांतील संगणकाचे उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या क्षणाच्या आत यावे लागते. हे बंधन सांभाळणाऱ्या मूळ आज्ञावलीला ‘रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात विंड रिव्हर कंपनीची ‘व्हीएक्सवर्क्स’ ही प्रणाली होती. एका दुय्यम कामाने सामायिक साधन अडवून धरले, तातडीचे काम खोळंबले आणि संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून संकट निवारले. मग रुग्णालयातील यंत्राचीच दुरुस्ती अवघड का व्हावी?

२०१९ सालच्या घटनेत याचे उत्तर सापडते. व्हीएक्सवर्क्सच्या संगणकजाळ्याशी संपर्क साधणाऱ्या भागात अकरा दोष असल्याचे ‘आर्मिस’ या कंपनीने त्या वर्षी जाहीर केले. त्यांपैकी सहा दोषांमुळे दुरून यंत्राचा ताबा घेणे शक्य होते. हा भाग मूळ ‘इंटरपीक’ या स्वीडिश कंपनीचा. २००६ मध्ये विंड रिव्हरने ती विकत घेतली. परंतु तत्पूर्वीच तो भाग इतर प्रणालींतही गेला होता. आपल्या यंत्रात तो आहे, याची अनेक मालकांना कल्पनाच नव्हती. विंड रिव्हरने दुरुस्ती दिली खरी. पण ती उत्पादकामार्फत प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचणे हे निराळेच काम होते. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला रुग्णालयांना सावध करावे लागले.

हा दोष केवळ तंत्राचा नाही, अर्थव्यवहाराचाही आहे. ग्राहकाला यंत्राची किंमत दिसते, आतली आज्ञावली दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे मोल तो देत नाही आणि ज्याचे मोल मिळत नाही त्यावर उत्पादक खर्च करीत नाही. हानी मात्र रुग्णाच्या वा कामगाराच्या वाट्याला येते.

बाजार हे आपण होऊन सुधारील, ही आशा भाबडी आहे. अमेरिकेत २०२२ अखेरच्या कायद्याने जाळ्याशी जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांना आज्ञावलीतील घटकांची यादी देणे बंधनकारक केले. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांनी व पाणीपुरवठा योजनांनीही निविदेतच अशी यादी आणि यंत्राच्या आयुष्यभर दुरुस्तीची लेखी हमी मागावी. हमीचा खर्च वगळून भरलेला सर्वांत कमी दर स्वस्त नसतो. त्यातील फरक पुढे कोणाला तरी भरावाच लागतो.