चारशेची गोळी, शंभरची गोळी

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई



नाशिकच्या इंदिरानगरमधून हे पत्र लिहीत आहे. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना रोज रात्री जेवण झाले की पेलाभर पाण्याबरोबर इमॅटिनिबची गोळी घेतात, ४०० मिलिग्रॅमची. साडेतीन वर्षांपूर्वी डाव्या बरगडीखाली जड वाटू लागले, पाणथरी वाढली होती. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर. आज नाना सकाळी जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या मारतात, ते या गोळीमुळे.

गेल्या वर्षी एकदा चारशेची गोळी नेहमीच्या ठिकाणी मिळाली नाही. दुसऱ्या एका मेडिकलमधून आणली. पाकीट कापून, कागदी पुडीत घालून दिली. 'तीच आहे, कंपनी वेगळी' एवढेच सांगितले. गोळीची ताकद आणि मुदत छापलेला भाग दुकानातच राहिला. ती गोळी शंभरची होती. चारशेच्या चिठ्ठीवर अशा चार घ्यायच्या असतात, हे कोणी बोलले नाही. नाना सवयीने एकच घेत राहिले. एकोणीस दिवस त्यांच्या पोटात पाव औषध गेले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी 'गोळ्या दाखवा' म्हटले, तेव्हा उलगडा झाला. उलट घडले असते तर? शंभरच्या चार घेणाऱ्याच्या हाती चारशेच्या पडल्या असत्या, तर एका वेळी सोळाशे मिलिग्रॅम पोटात गेले असते.

एका दुकानदाराला शिक्षा व्हावी म्हणून मी लिहीत नाही. पाकीट कापून देणे ही आपल्याकडची रोजची रीत आहे. तापाच्या गोळीला ती खपून जाते, कॅन्सरच्या गोळीला नाही.

दुसरी गोष्ट द्राक्षांची. खोक्यातला घडीचा कागद माझ्या भाच्याने भिंग लावून वाचला आणि सांगितले, आजोबांना द्राक्षे बंद. नाना जन्मभर नाशिक जिल्ह्यात राहिलेले, फेब्रुवारीत घरी पेटी येते. दोन हंगाम त्यांनी एक मणी तोंडात घातला नाही. कागदावर शब्द होता ग्रेपफ्रूट. ते पपनसाच्या जातीचे फळ. त्याच्या रसाने इमॅटिनिब मोडणारे शरीरातले विकर मंदावते आणि रक्तातले औषध वाढते. द्राक्षांचा त्या इशाऱ्याशी संबंधच नव्हता.

आणि जे कळायला हवे होते, ते त्याच कागदावर इंग्रजीत पडून राहिले. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. नानांनी ती आषाढी एकादशीला रिकाम्या पोटी घेतली, उलटी झाली, म्हणून पुढच्या संकष्टीला गोळीच सोडली. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करणार होते. तशी भरपाई करायची नसते, हे आईने डॉक्टरांना फोन केला म्हणून कळले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील, हीच गोळी घेणाऱ्या ८७ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या दहा किंवा त्याहून अधिक मात्रा चुकवणाऱ्यांमध्ये आजार खोलवर आटोक्यात येण्याचे प्रमाण फारच कमी दिसले. उपवासाला गोळी सोडणाऱ्या किती घरांपर्यंत हे पोचले असेल?

घरोघरी कळायला हवे असे आणखीही बरेच आहे. क्षयाचे रिफॅम्पिसिन, फिटचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर इमॅटिनिबचा जोर घटतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा किटोकोनाझोलने तो वाढतो. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन चालू असेल तर आधी सांगायचे. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायात गोळे हे बऱ्याच जणांना होते. पण वजन झपाट्याने वाढले, धाप लागली, कावीळ दिसली किंवा रक्तस्राव झाला तर वाट पाहायची नाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि दुसऱ्यात पंधरवड्याला रक्त तपासायचे, कारण पेशी फार घटू शकतात. गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून तरुण बाईला हे आधीच सांगायला हवे. नेहमीची मात्रा ४००, आजार पुढच्या टप्प्यात गेला तर ६००, मुलांची शरीराच्या मापाने. ती ठरवणे डॉक्टरांचेच काम, पण आपली मात्रा किती हे रुग्णाला पाठ असले पाहिजे.

ही गोळी गरिबाच्या आवाक्यात यावी म्हणून मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने वर्षानुवर्षे झुंज दिली. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या नावाने विकल्या जाणाऱ्या इमॅटिनिबचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या निकालामुळे नानांसारख्यांना औषध परवडते. एवढ्या झुंजीने स्वस्त झालेली गोळी न समजलेल्या कागदापायी वाया जावी, हे मला सोसवत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे. कॅन्सरची तोंडाने घ्यायची औषधे कापलेल्या पाकिटातून विकली जाऊ नयेत. विकावीच लागली तर नाव, ताकद, बॅच आणि मुदत लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. कंपनी किंवा मिलिग्रॅम बदलले तर 'आता रोज किती गोळ्या' हे औषध देणाऱ्याने पुडीवर मराठीत लिहावे. आणि प्रत्येक खोक्याबरोबर अर्ध्या पानाचे, मोठ्या अक्षरांतले मराठी माहितीपत्रक द्यावे. ते तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासलेले असावे. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला सांगितले तर ते तयार व्हायला फार दिवस लागू नयेत. जे केंद्राच्या अखत्यारीत असेल, त्यासाठी आपण दिल्लीला लिहावे. जे आपल्या परिपत्रकाने होईल, ते या वर्षीच करावे.

नानांची पुढची गोळ्यांची खरेदी येत्या पंधरा तारखेला आहे.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा
इंदिरानगर, नाशिक