तीस दिवसांचा भरवसा

प्रति,
परराष्ट्र खाते, अमेरिका,
वॉशिंग्टन डी. सी.

महोदय,


मी मूळची सांगलीची. एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करते. मागणी करण्याआधी तुमच्याच एका नियमाबद्दल आभार मानते.

मावसबहिणीच्या लग्नासाठी मी चार दिवस टोरांटोला गेले, तेव्हा पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची मुदत संपलेली होती. कॅनडाचा व्हिसा मात्र काढला होता. परतताना नायगाऱ्याच्या रेनबो ब्रिजवर अधिकाऱ्याने मुदतवाढीचे मंजुरीपत्र आणि आय-९४ पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि मला आत सोडले.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी; आत किती दिवस राहायचे, ते आय-९४ सांगते. आय-९४ची मुदत शिल्लक असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून आलेल्याचा संपलेला व्हिसा तुम्ही आपोआप वाढलेला धरता. त्याला अटी आहेत. त्या मुक्कामात नवा व्हिसा मागितला, की २००२पासून ही सवलत मिळत नाही. काही देशांच्या नागरिकांना ती मुळातच नाही. विमान कंपन्यांच्या काउंटरवर तर अनेकदा हा नियमच ठाऊक नसतो. माझ्या एका सहकाऱ्याला नियमाची छापील प्रत दाखवल्यावर, पाऊण तासाने बोर्डिंग पास मिळाला. तरीही नियम चांगला आहे, कारण तो माणसावर भरवसा ठेवतो.

हा भरवसा सांगलीपर्यंत मात्र पोहोचत नाही. भारतात पाऊल ठेवले, की नवा व्हिसा घेतल्याशिवाय परत येता येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये तुम्ही सांगितलेत, की अर्ज आपल्या देशात किंवा जिथे वास्तव्य आहे तिथेच करावा. त्याच महिन्यात मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी संपली. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या जोडीदार-मुलांच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या अनेकांच्या डिसेंबरच्या मुलाखती थेट मार्चमध्ये, कुणाच्या त्याहीपुढे गेल्या. दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर गेलेली माणसे तिकडेच अडकली. इकडे घरभाडे चालू, मुलांची शाळा चालू, नोकरीचा मात्र नेम नाही.

माझी आई ७४ वर्षांची आहे. तिला इंग्रजी येत नाही, पण ‘स्टॅम्पिंग’, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेणे, हा शब्द तिला आता पाठ झालाय. पूर्वी फोनवर ती विचारायची, ‘कधी येतेस गं?’ आता विचारते, ‘स्टॅम्पिंगचं काय झालं?’

तपासणी करू नका, असे मी म्हणत नाही. जरूर करा, पण मी इथे असताना करा. मी इथे कायदेशीर राहते, माझा पत्ता आणि माझी कंपनी सरकारला माहीत आहे. माझ्याविषयी शंका असेल, तर मी आठ हजार मैलांवर जाईपर्यंत थांबायचे कशाला?

ही काही नवी कल्पना नाही. २००४च्या जुलैपर्यंत आमच्यासारख्यांचा व्हिसा अमेरिकेतच नूतनीकरण होत असे. व्हिसासाठी बोटांचे ठसे घेणे कायद्याने बंधनकारक झाले आणि ते देशातच घेण्याची सोय नाही म्हणून ती पद्धत थांबली. राजनैतिक अधिकाऱ्यांचे व्हिसा आजही अमेरिकेत वाढवून मिळतात. आमच्या बोटांचे ठसे तर तुमच्याकडे केव्हाचेच आहेत.

तुम्ही स्वतःही हे करून पाहिले आहे. २९ जानेवारी ते १ एप्रिल २०२४ या काळात २०,००० अर्जांच्या मर्यादेत, भारतात किंवा कॅनडात ठरावीक काळात व्हिसा घेतलेल्या एच-१बीधारकांसाठी ही सोय प्रायोगिक पातळीवर दिली गेली. घर न सोडता, पासपोर्ट टपालाने पाठवून व्हिसा मिळू शकतो, हे तेव्हा दिसले. पती, पत्नी आणि मुलांना मात्र त्यातून वगळले होते. एकाचा व्हिसा हातात आणि बाकी घर दूतावासाच्या रांगेत, अशाने कुटुंब एकत्र प्रवास कसा करणार?

म्हणून दोन मागण्या. अमेरिकेतल्या नूतनीकरणाची सोय कायमची सुरू करा आणि तीत एच-४चाही समावेश करा. ती सुरू होईपर्यंत, आई-वडिलांचे गंभीर आजारपण किंवा मृत्यू अशा प्रसंगी मायदेशी गेलेल्यांनाही ३० दिवसांचा तोच नियम लावा. आय-९४ची मुदत, मंजुरीपत्र, मुक्कामाची मर्यादा या अटी तशाच राहू देत. आम्ही त्या आजवर पाळल्या आहेत, पुढेही पाळू.

बहिणीच्या लग्नाला जाऊन येण्यापुरता जो भरवसा तुम्ही माझ्यावर ठेवलात, तोच आईच्या उशाशी बसून येण्यापुरता ठेवा.

आपली,
एक एच-१बीधारक,
न्यू जर्सी