धरणाचे पाणी कुणाला आणि बोअरचे पाणी कुणाला?

जड पाण्याचा प्रश्न हा फ्लॅटवाल्यांचा प्रश्न आहे, केस गळतात आणि गीझर बिघडतो म्हणून त्यांची ओरड चालते, आपल्या लोकांना आधी पाणी तर मिळू द्या, असा युक्तिवाद चळवळीतलेच काही मित्र आमच्याशी करतात. ऐकायला तो क्रांतिकारी वाटतो. आमच्या मते तो चुकीचा आहे आणि आपल्याच वस्त्यांचे नुकसान करणारा आहे. पिंपरी-चिंचवडचे उदाहरण घेऊन बोलू, कारण आम्ही याच शहरात काम करतो.

हे शहर मुख्यतः पवना धरणावर जगते. त्या धरणात साठते ते सह्याद्रीवर पडलेले पावसाचे पाणी. ते खडकात फारसे मुरलेले नसते, त्यामुळे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. साबणाला फेस येतो, तूरडाळ वेळेत शिजते. बोअरचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत खाली गेलेले असते आणि जाताना क्षार विरघळवत जाते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. आपल्या आया त्याला जड पाणी म्हणतात, आणि त्यांचा शब्द जास्त खरा आहे.

नोव्हेंबर 2019 पासून या शहरात महापालिकेचे पाणी दिवसाआड येते. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात, आणि टँकरही बहुतेक वेळा कुठल्यातरी खासगी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो. वाकड, रावेत, मोशी, चऱ्होली इथल्या सोसायट्याही टँकरवर पैसे ओततात, हे आम्ही नाकारत नाही. पण सोसायटीकडे मेंटेनन्सचा फंड असतो, त्यातून गच्चीवर पाणी मऊ करणारा प्लांट बसतो. गुंठेवारीतल्या चाळीत काय बसते? मोटर लावून बोअरचे पाणी सिंटेक्सच्या टाकीत चढवतात, तिथून नळ काढतात आणि घरमालक सांगतो, "नळ आहे की." सरकारी पाहणीतही "घरात नळ" या रकान्यात टिक होते. नळातून काय येते याला रकाना नाही.

आता मानक बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. आणि त्याच तक्त्यात, दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर 600 पर्यंत चालेल, अशी सवलत आहे. दुष्काळी गावासाठी ही सवलत समजू शकते, तिथे खरोखरच दुसरे पाणी नसते. पण ज्या शहराच्या रस्त्याखालून धरणाची जलवाहिनी जाते, तिथल्या वस्तीला "दुसरा स्रोत नाही" हे कुणी ठरवले? स्रोत आहे, जोडणी दिलेली नाही. वस्तीच्या बोअरचा 450 चा अहवाल "परवानगीयोग्य मर्यादेत" म्हणून फाईलला लागतो तेव्हा तो शास्त्राचा निर्णय नसतो. जोडणी न देण्याचा निर्णय आधीच झालेला असतो, अहवाल त्याच्यावर फक्त शिक्का मारतो.

या शिक्क्याची किंमत घरात कोण भरते याचा हिशेब मांडू. एक ग्रॅम क्षार साधारण सहा ग्रॅम साबण निकामी करतो. साबण म्हणजे साबणच, डिटर्जंट पावडर नव्हे, ती थोडी तग धरते. लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पंधरा लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅम क्षार असतो. म्हणजे फेस यायच्या आधीच सत्तावीस ग्रॅम साबण चिकट साका होऊन वाया जाऊ शकतो. शाळेचा पांढरा शर्ट सहा महिन्यांत राखाडी होतो आणि वर्गात त्या पोराला "तुमच्याकडे कपडे धूत नाहीत का" असे ऐकावे लागते. डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात, गॅस तेवढा जास्त जळतो. पाणी तापवायच्या रॉडवर खपली चढते, पाणी उशिरा तापते, वीजबिल वाढते. हे पैसे कुठल्याही पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाहीत, आणि घासण्या-धुण्यातले जादा कष्ट तर कुठेच दिसत नाहीत, कारण ते बाईचे असतात.

फ्लॅटवाल्यांचा प्रश्न म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. त्या फ्लॅटच्या फरशीवरचे आणि नळावरचे पांढरे डाग कोण काढते? घरकामाला जाणारी आपली आई, मावशी, वहिनी. मॉल, रुग्णालये आणि आयटी कंपन्यांच्या संडास-बाथरूममध्ये हेच काम ठेकेदाराकडची हाऊसकीपिंगची माणसे करतात, आणि त्यांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत हे सांगायला पाहणी करावी लागत नाही. हा थर साध्या पाण्याने निघत नाही, त्याला ॲसिड लागते. ते हातमोज्याशिवाय, बंद खोलीत, वाफ छातीत घेत वापरले जाते. त्यात कुणी ब्लीचिंग मिसळले तर क्लोरीन वायू तयार होतो. पाणी जड झाले की साफसफाईचे काम वाढते, आणि या देशात साफसफाईचे वाढलेले काम कुठल्या जातींच्या वाट्याला जाते हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे शिकवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगायला हवी. "जड पाण्याने किडनी जाते" असे फलक लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या आधारावर मर्यादा ठरवलेली नाही. असला दावा केला की अधिकारी तोच एक मुद्दा खोडतो आणि बाकीचे निवेदन बाजूला ठेवतो. बोअरच्या पाण्यात नायट्रेट किंवा जंतू असू शकतात, पण त्याची तपासणी वेगळी आणि मागणीही वेगळी करावी. कठीणपणाविरुद्धचा आपला मुद्दा पैशाचा, श्रमाचा आणि समतेचा आहे. तो पुरेसा भक्कम आहे.

निवडणूक जवळ आली की नगरसेवक वस्तीत आरओचे एटीएम बसवतो, नाणे टाका आणि जार भरा. त्याच्या उद्घाटनाला आपलीच मंडळे हार घेऊन उभी असतात! आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो. त्या जारने पिण्याचे भागते, पण धुणे, भांडी, अंघोळ त्याच बोअरवर राहते. आणि मुख्य म्हणजे जे हक्काने यायला हवे ते विकत घ्यायची सवय लागते. मग जोडणी मागायची कशाला, एटीएम आहे ना.

महाडचा सत्याग्रह तळ्याच्या पाण्याच्या चवीसाठी नव्हता, समतेसाठी होता, हे बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. हाच दाखला देऊन काही जण म्हणतात की मग पाण्याच्या प्रतीवर कशाला बोलता? उलट आहे. 1927 मध्येही पाणी होतेच, प्रश्न होता की सार्वजनिक पाणवठा सगळ्यांचा का नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी आणि तलाव येतात ते याच लढ्यातून. आज जात कुणी विचारत नाही, बांधकामाचा परवाना विचारतात. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर अनधिकृत झोपडीतल्या माणसालाही अनुच्छेद 21 खाली पाण्याचा हक्क आहे असे म्हटले. हा मोठा विजय होता. पण त्याच निकालात, अधिकृत घरातल्या नागरिकाच्या बरोबरीने तो हक्क मागता येणार नाही, असेही म्हटले आहे. पाणी मिळेल, बरोबरी मिळणार नाही. नेमकी इथेच आंबेडकरी माणसाने हरकत घ्यायला हवी.

ही मागणी मावळच्या शेतकऱ्याविरुद्ध नाही. पवना बंद जलवाहिनीच्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यांच्या वाट्याचे पाणी ओढून आणा, असे आम्ही म्हणत नाही. शहरात जेवढे येते त्याची वाटणी प्रभागनिहाय जाहीर करा, असे म्हणतो. पुण्याच्या बाबा आढावांनी 1970 च्या दशकात एक गाव एक पाणवठा ही मोहीम चालवली. एक शहर एक पाणवठा म्हणायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

सुरुवात अवघड नाही. एकाच प्रभागातून तीन बाटल्या भरा: धरणाच्या लाईनची, वस्तीच्या बोअरची आणि टँकरची. सरकारी प्रयोगशाळेत एकूण कठीणपणा तपासून घ्या, पावती जपून ठेवा. त्याच प्रभागात धरणाच्या पाण्याच्या जोडण्या किती आणि कुठे, हे माहितीच्या अधिकारात मागवा. आणि 14 एप्रिलच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो लावण्याऐवजी बाबासाहेबांच्या फोटोखाली हे तीन आकडे छापा, प्रभाग क्रमांकासह.

जय भीम.