आभासी वास्तव आणि स्मृतीची साक्ष

आभासी वास्तवाची साधने जसजशी प्रगत होत आहेत, तसतसा असा समज दृढ होत चालला आहे की, चित्र पुरेसे सूक्ष्म झाले म्हणजे सत्य आपोआप हाती लागते. परंतु सत्याचा प्रत्यय यंत्रापेक्षा पाहणाऱ्याच्या मनातच अधिक घडत असतो, आणि हे ध्यानी न घेता ऐतिहासिक वास्तूंची आभासी रूपे उभारणे मला जोखमीचे वाटते.

मानवी नेत्राला अगदी सुस्पष्ट दिसते ते दृष्टिक्षेत्राच्या मध्यातील जेमतेम दोन अंशांपुरते. उरलेला विस्तार मन पूर्वानुभवाच्या आधारे पुरा करून घेते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दर्शनाला नेणिवेत चाललेले अनुमान मानले होते. आणि स्मरण ही साठविलेल्या चित्राची नक्कल नसून दर वेळी होणारी नवी रचना आहे, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली मांडले.

पॅरिसच्या नोत्र दाम प्रार्थनामंदिराचा दाखला या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडणाऱ्या, २०१४ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या संगणकीय खेळात हे मंदिर अत्यंत परिश्रमपूर्वक उभारले गेले. परंतु त्याचे जुने शिखर अठराव्या शतकाच्या अखेरीसच उतरविलेले असताना, खेळात मात्र वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी बांधलेले, १८५९ साली पूर्ण झालेले शिखर दिसते. निर्मात्यांना हा कालविपर्यास अवगत होता. तथापि शिखराविना आजच्या माणसाला त्या वास्तूची ओळख पटणार नाही, हे जाणून त्यांनी इतिहासापेक्षा स्मृतीचा कौल मानला. पुढे १५ एप्रिल २०१९ च्या आगीत ते शिखर कोसळले, तेव्हा याच खेळाकडे अनेकांनी त्या मंदिराचा दस्तऐवज म्हणून पाहिले.

खेळाला अशी मुभा असावी, हे मला मान्य आहे. संग्रहालयाला आणि सरकारी उपक्रमाला ती बिनबोभाट असू नये. कारण आभासी दृश्य स्मृतीतून घडते, तसेच ते स्मृती घडवितेही : स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, देवमाशांबरोबर पोहणारे स्वतःचे प्रतिरूप पाहिलेल्या काही मुलांना तो प्रसंग आपल्या आयुष्यात खरोखर घडल्याचे पुढे वाटू लागले. इंग्रजांनी १८१८ साली केलेल्या तोफांच्या माऱ्यानंतर ज्या रायगडावर वाड्यांची जोती तेवढी उरली, आणि ज्याच्या वैभवाचे चित्र आपल्या मनात बव्हंशी चित्रपटांनीच ठसविले, तेथे ही सावधगिरी अधिकच हवी.

म्हणून अवशिष्ट भाग कोणता, कागदपत्रांवरून सिद्ध झालेला कोणता आणि केवळ तर्काने भरलेला कोणता, याचा तपशील प्रत्यक्ष दृश्यातच दाखविणे बंधनकारक असावे. याने रसभंग होईल, ही शंका निराधार आहे. पायांखाली भक्कम जमीन आहे हे पुरते ठाऊक असूनही आभासी खड्ड्याच्या काठावर माणसाची छाती धडधडते, असे प्रयोगांतून दिसले आहे. ज्ञान आणि प्रत्यय मनात एकत्र नांदू शकतात. तेव्हा प्रत्ययाच्या नावाखाली ज्ञान दडविण्याचा अधिकार कोणालाही असू नये.